स्विमिंग टीमचा सीझन कसा आखायचा?

प्रश्न: ८ ते ११ वयाची मुलं आहेत, स्पर्धेला १२ आठवडे आहेत, आठवड्यातून ३ दिवस पूल मिळतो. पहिल्यापासूनच लांब अंतर पोहायला लावू का?

उत्तर: नाही हो, प्लीज नको! पहिले ४ आठवडे फक्त टेक्निकला द्या, म्हणजे शरीर पाण्यात सरळ ठेवणं, फ्रीस्टाइलला डोकं न उचलता बाजूला वळून श्वास घेणं वगैरे, कारण मूल दमलं की हात कसाही मारतं आणि तीच सवय लागते, मग मोडायला अख्खा सीझन जातो. २५ मीटरचे छोटे सेट, मध्ये नीट विश्रांती. नंतर अंतर हळूहळू वाढवा.

टर्न, म्हणजे भिंतीला पोहोचून परत वळणं, मात्र प्रत्येक सरावात घ्या. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत तर डिसक्वालिफाय करतात, आणि इतकं छान पोहून बाहेर काढलेलं लेकरू रडताना बघवत नाही हो. डाइव्ह खोल बाजूलाच, तुम्ही समोर असतानाच. खांदा दुखतो म्हणालं तर त्या दिवशी थांबवाच. शेवटच्या आठवड्यात अंतर कमी करा, थोडे फास्ट स्प्रिंट ठेवा, आणि झोप पूर्ण होतेय ना हे पालकांना विचारत राहा.