दहा बाय दहाच्या खोलीत घरगुती स्टुडिओ करायचा आहे. आठ इंची मॉनिटर (मिक्सिंग करताना ऐकायचे स्पीकर) घेऊ की पाच इंची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटमधली दहा बाय दहाची बेडरूम, हातात पन्नास-साठ हजार, रेकॉर्ड करायचे आहेत अभंग आणि भावगीतं (स्वतःचा आवाज, हार्मोनियम, तबला), आणि दुकानदार म्हणतोय की आठ इंचीच घ्या, नाहीतर बेस कळणार नाही.

घेऊ नका. पाच इंची घ्या आणि उरलेले पैसे खोलीवर घाला. मीही घरातल्याच खोलीत मिक्सिंग करतो, आणि अशा खोलीत स्पीकरच्या आधी खोलीचा आवाज ऐकू येतो हे रोज अनुभवतो.

कारण साधं गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी सर्वात खालची लाट अडकते ती सुमारे ५६ हर्ट्झची (सेकंदाला ५६ कंपनं), तिच्या वरची ११२ची. तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच, म्हणजे दोन्ही दिशांना तेच आकडे. वर छत साडेनऊ फुटांवर असलं तर तिथलाही आकडा ५९च्या आसपास येतो. तिन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी गर्दी! खोलीच्या बरोब्बर मध्ये बसलात तर ५६ हर्ट्झ जवळजवळ गायब, भिंतीला टेकून बसलात तर तोच अंगावर येतो.

हे ऐकून बघायचं असेल तर तबल्याचं एखादं चांगलं सोलो रेकॉर्डिंग लावा आणि फक्त डग्ग्याकडे कान ठेवा. वादक मनगट दाबून घिस्सा काढतो तेव्हा सूर खालून वर सरकतो. चांगल्या खोलीत तो सलग सरकताना ऐकू येतो. तुमच्या खोलीत तो मध्येच एका जागी फुगेल, जरा पुढे गेला की पातळ होईल. आता खुर्ची दोन फूट मागे घ्या आणि तोच तुकडा परत लावा. फुगण्याची जागा बदललेली असेल. वादक तोच, स्पीकर तोच. आठ इंची आणलात तर या फुगवट्याला आणखी खाद्य मिळेल, इतकंच.

‘पण पाच इंचीत खालचे सूर येतात का?’ यामाहाचा एचएस५ घ्या उदाहरणाला. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे तो ७४ हर्ट्झपर्यंत तीन डेसिबलच्या आत राहतो, ५४ला दहा डेसिबलने पडतो. त्याचाच आठ इंची भाऊ एचएस८ हेच आकडे ४७ आणि ३८ वर नेतो. आता तुमच्या संगीतात सर्वात खाली काय आहे? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची जोड (मधल्या दोन तारा) १३९ हर्ट्झच्या आसपास लागते, खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. खर्जाची ती तळाची लहर तशीही अशक्तच असते. जवारीतून (तारेखालच्या घोडीच्या झंकारातून) वर जे स्वर उमटतात त्यांच्यावरून कान तळाचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणूनच मोबाइलवरच्या तानपुऱ्यातही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. डग्ग्याचा दम पाच इंचीवर थोडा कमी भासेल, तो हेडफोनवर तपासायचा. क्लबमध्ये वाजणारं नाचाचं संगीत करणार असतात तर माझं उत्तर वेगळं असतं.

स्टुडिओच्या फोटोंत पांढऱ्या कोनचे (पुढच्या पडद्याचे) स्पीकर दिसतात, त्यांचा किस्सा सांगतो. यामाहाने १९७८मध्ये एनएस-१० काढला तो घरात गाणी ऐकण्यासाठी, आणि त्या कामात तो फारसा कोणाला आवडला नाही. स्टुडिओवाल्यांनी मात्र तो मिक्सरवर आणून ठेवला. बेस कमी, मधला पट्टा टोचणारा, पण बंद पेटीमुळे आवाज लगेच थांबणारा. गायकाच्या आवाजातला दोष लपूच शकत नसे. २००१मध्ये कोनचा लगदा मिळेना म्हणून उत्पादन बंद झालं. एचएस मालिकेचा पांढरा कोन ही त्याचीच आठवण. मॉनिटरने गाणं गोड करून दाखवायचं नसतं, हे यातून लक्षात घ्या.

पाच इंचीत जेबीएलचा ३०५पी, ॲडमचा टी५व्ही, केआरकेचा रॉकिट हेही पर्याय आहेत. या सगळ्यांतला फरक तुमच्या खोलीतल्या फुगवट्यापेक्षा लहान आहे, त्यामुळे त्यावर महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका. माझी स्वतःची पसंती गळ्याच्या कामासाठी एचएस५.

मांडणीचं मात्र नीट बघा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. भिंतीपासून स्पीकरची पुढची बाजू तीन फुटांवर ठेवलीत तर मागून परतणारा आवाज साधारण ९५ हर्ट्झला मूळ आवाज खाऊन टाकतो, म्हणजे नेमका डग्ग्याच्या मुलखात खड्डा. त्यापेक्षा स्पीकर भिंतीजवळ घ्या, पाठीमागच्या भोकाला वीतभर हवा ठेवा. त्याने बेस वाढतो, तो कमी करायला एचएस५च्या पाठीवर ‘रूम कंट्रोल’ची कळ आहे, उणे दोन किंवा उणे चार डेसिबल. खोलीच्या मधोमध बसायचं नाही, थोडं पुढे सरकून बसा.

आता भिंती. अंड्यांचे ट्रे विसरा, त्यांनी काहीही होत नाही. एक इंची फोमने फक्त वरची चमक जाते, घुमणं तसंच राहतं, आणि खोली आधीपेक्षा वाईट वाटते. हवं ते रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), घनता घनमीटरला ४८ ते ६४ किलो, जाडी चार इंच. एसी डक्टचं काम करणाऱ्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतं. सुताराकडून साध्या चौकटी करून घ्या, वरून मांजरपाट ताणून बसवा. ज्या कापडातून फुंकर आरपार जाते ते चालतं, रेक्झिन चालत नाही. हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, दिवसभर अंगाला खाज सुटते. सर्वात आधी चारही कोपरे, मग तुमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती. पलंगावरची गादी आणि कपड्यांचं उघडं कपाटसुद्धा मदत करतं. याने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही हेही आत्ताच सांगून ठेवतो; त्यासाठी वजनदार भिंत लागते, पॅनेल नाही.

खोली मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत मोजणीचा साधा माइक लागेल. सॉफ्टवेअरने खोली ‘दुरुस्त’ करण्याचे पॅकेज मात्र आत्ता विकत घेऊ नका. फुगवटा त्याने दाबता येतो, पण खड्डा भरत नाही, कारण तिथे कितीही आवाज ओतला तरी भिंत तेवढाच परत खाते.

हेडफोन बंद पाठीचा घ्या, ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स पुरे. उघड्या पाठीचा मिक्सिंगला छान, पण गाताना त्यातला तानपुरा माइकमध्ये झिरपतो. माइकसाठी सगळे कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) सुचवतील. तुमच्या बेडरूममध्ये तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही इमानदारीने रेकॉर्ड करेल. शुअरचा एसएम५८ तोंडाजवळ धरून गा, खोली बरीच बाहेर राहते. पॅनेल लागल्यावर हार्मोनियमसाठी कंडेन्सरचा विचार करा.

इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) दोन इनपुटचा चालेल, जर एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करणार असाल. तिघं एकत्र बसणार असाल तर तबल्याचे दोन धरून चार माइक लागतात, मग चार प्रीॲम्पचाच (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) घ्या. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर: साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा. व्होक्सेंगोचा स्पॅन (आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट उतरवून घ्या, डग्गा कुठे फुगतोय ते डोळ्यांनाही दिसतं.

खरेदीआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगच्या वरच्या भोकात खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. जुन्या इमारतींत भोक असतं, पण मागे तारच नसते, आणि मग स्पीकरमधून अखंड ‘हुंऽऽ’ येत राहतो. केबल बॅलन्स्डच (बाहेरची खरखर कमी पकडणारी) घ्या, मोनो जॅकची साधी वायर नको. आणि ऑनलाइन किंमत बघताना नीट वाचा: एचएस५ बऱ्याचदा एका नगाच्या भावात लावलेला असतो, जोडीच्या नाही.