बांबूची तलवार, दोनदा

प्रिय मित्रास,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले टिपण दोनदा वाचले. ताकाशी मीके यांच्या २०११ च्या ‘हाराकिरी’ या जपानी रीमेकला तू ‘अनावश्यक’ ठरवले आहेस, आणि त्याला पुरावा म्हणून मासाकी कोबायाशी यांचा त्याच नावाचा १९६२ चा मूळ चित्रपट पुढे केला आहेस. जुना चित्रपट श्रेष्ठ आहे याबद्दल माझे दुमत नाही. परंतु निकाल देण्याच्या घाईत नव्या दिग्दर्शकाने नेमके काय बदलले, हे सांगायचे तुझ्याकडून राहून गेले.

कथा दोन्हीकडे एकच आहे. १६३० च्या दशकातल्या एदोमध्ये (आजच्या टोकियोत) एक बेकार तरुण सामुराई ईई घराण्याच्या वाड्यात येतो आणि अंगणात हाराकिरी, म्हणजे पोट चिरून विधिपूर्वक आत्महत्या, करण्याची परवानगी मागतो. बायको-मूल आजारी असल्यामुळे तलवारीची खरी पाती त्याने कधीच विकलेली असतात. म्यानात उरलेली असतात ती बांबूची. वाड्यातली माणसे त्याला त्याच बांबूने पोट चिरायला लावतात. बांबू आत शिरत नाही, म्हणून तो ते पाते उभे धरून स्वतःचा सगळा भार त्यावर टाकतो. हे दृश्य मी आजही नजर न वळवता पाहू शकत नाही.

आता शेवट पाहा. कोबायाशींचा हान्शिरो, म्हणजे जाब विचारायला वाड्यात आलेला त्या तरुणाचा सासरा, खरी तलवार उपसतो, चौघांना ठार करतो, घराण्याचे पूजनीय चिलखत उचलून आपटतो आणि अखेर बंदुकांच्या गोळ्यांना बळी पडतो. वाड्याच्या रोजनाम्यात मात्र यातले काहीच खरे नोंदवले जात नाही. युद्धात सक्तीने सैनिक झालेल्या आणि बढती नाकारून साधा शिपाईच राहिलेल्या कोबायाशींचा राग त्या रोजनाम्यावर आहे. मीके यांचा हान्शिरो पडत्या बर्फात त्या वाड्याशी झुंजतो तो बांबूची तलवार घेऊन. जावयाच्या हाती जे दिले गेले, तेच तो स्वतःच्या हाती घेतो, आणि त्यामुळे सूडाची जागा शोक घेतो. मला हा बदल मनापासून पटतो. जुन्या चित्रपटाचा धारदार संताप त्यात उणावतो, हेही तितकेच खरे.

योशिमित्सु मोरिता यांनी २००७ मध्ये अकिरा कुरोसावांच्या १९६२ च्या ‘सांजुरो’चा रीमेक केला, तो जवळजवळ जुन्याच पटकथेवर. तिथे फरक शोधायचा तो अभिनयात आणि कॅमेऱ्यात, त्यामुळे त्या जोडीच्या तुलनेचा सराव नंतर कर.

तूर्त एका संध्याकाळी दोन्ही ‘हाराकिरीं’ची शेवटची पंधरा-वीस मिनिटे आवाज बंद करून लागोपाठ पाहा, आणि कोणाच्या हातात काय आहे, कोण कोठे उभे आहे, एवढेच वहीत उतरवून घे. मग टिपण नव्याने लिहून पाठव. पहिल्या परिच्छेदात ‘श्रेष्ठ’ हा शब्द नको.

तुझा शुभचिंतक