वाचक विचारतात : वाड्यातल्या दोघी व्हॅम्पायर

प्रश्न : जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्या आई आणि मुलगी, दोघीही व्हॅम्पायर, अशी ८० मिनिटांची फिल्म आम्ही लिहिली आहे. पाठलाग नाही, मारामारी नाही. वाचणारे म्हणतात, पहिल्या अर्ध्या तासात काही घडतच नाही. वेग वाढवावा का? (गंगापूर रोड)

उत्तर : वेग वाढवू नका, भूक मोजा. प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहा : मुलीने शेवटचं रक्त पिऊन किती दिवस झाले? पहिल्या दिवशी ती निवांत वेणी घालते. चौथ्या दिवशी पाहुणीला पाणी देताना तिची नजर मनगटावर अडकते. नवव्या दिवशी ती स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसते. हा आकडा नटीला पाठ असेल, तर भांडी घासण्याचा तीन मिनिटांचा एकसलग शॉटही प्रेक्षक श्वास रोखून बघतो. शॉट लांब असतो म्हणून संथ फिल्म पडत नाही. शॉट संपताना परिस्थिती सुरुवातीला होती तिथेच असते, म्हणून पडते. प्रत्येक शॉटपुढे एक ओळ लिहा : शेवटी प्रेक्षकाला नवं काय कळलं? ओळ सुचली नाही तर शॉट कितीही देखणा असो, काढा.

पानांचा हिशेबही तपासा. एका पानाला एक मिनिट हे गणित भरपूर संवाद असलेल्या पटकथेचं. तुमच्यासारख्या कमी बोलणाऱ्या फिल्ममध्ये पान सहज दीड मिनिट खातं, म्हणून ८० मिनिटांना ५० ते ५५ पानं पुरेत.

दोघींना एकसारखं उदास मात्र करू नका. माणसं मारावीत की नाही, हा प्रश्न आईने स्वतःपुरता केव्हाच सोडवलेला असावा, मुलीने नसावा. स्त्री व्हॅम्पायरची ही परंपरा ‘ड्रॅक्युला’हून जुनी आहे. आयरिश लेखक शेरिडन ले फानूची लघुकादंबरी ‘कार्मिला’ १८७२ची, ‘ड्रॅक्युला’ १८९७ची. ‘कार्मिला’त भीती येते ती घरात राहायला आलेल्या पाहुणीच्या जवळिकीतून.

आणि त्यांच्या आठवणी नाशिकच्याच असू द्या. गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं, यावरून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर लक्षात ठेवलेले असतील. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, अशा खऱ्या मायलेकी पडद्यावर आल्या. तुमच्या मायलेकींना त्या आठवत असतील, तर एका वाक्यात शंभर वर्षं उभी राहतात.

प्रश्न : रात्रीचे प्रसंग मोबाइलवर टिपले तर चित्रात पट्टे सरकतात आणि चेहरे राखेसारखे दिसतात. (पंचवटी)

उत्तर : पट्टे दिव्यांमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. २४ फ्रेम हवे असतील तरी शटर १/५०च. ऑटो शटर बंद करा. तरीही पट्टे राहिले तर तो बल्ब बदला, दुसरा इलाज नाही.

राखेचं कारण पांढरी पावडर. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती निळ्या उजेडात करडी दिसते. चेहरा पांढरा करायचा नाही, त्यातली लाली काढायची : ओठ आणि गालांवर त्वचेच्याच रंगाचं, किंचित पिवळसर फाउंडेशन, डोळ्यांखाली अगदी पुसट जांभळट छटा. वाड्यातलं काळं सागवान उजेड पिऊन टाकतं, म्हणून दिवा नटीवर रोखण्याऐवजी तिच्यामागच्या भिंतीवर टाका. आकृती आपोआप सुटी होते.

बाहेरची रात्र दिवसा टिपायची असेल तर सूर्य नटीच्या पाठीमागे ठेवा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ३२०० केल्व्हिन, म्हणजे चित्र निळसर होतं, एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). चौकटीत आकाश घेऊ नका, तेच सगळं उघडं पाडतं.

थंडीत आणखी एक घोटाळा होतो. जानेवारीच्या पहाटे मेलेल्या बाईच्याही तोंडातून वाफ निघते. टेकच्या आधी मिनिटभर तोंडात बर्फ धरायला सांगा.

प्रश्न : दात आणि रक्त घरी कसं करावं? (सिडको)

उत्तर : रक्तासाठी केकचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज आणा. २५० ग्रॅमला तीन-चार चमचे कोमट पाणी, एक चमचा खाण्याचा लाल जेल रंग, अर्धा चमचा कोको आणि टूथपिकच्या टोकाएवढा निळा. कोको आधी थोड्या पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं आरपार दिसतं, निळा जास्त झाला तर जांभळं. निळ्या उजेडात लाल रंग काळा पडतो, म्हणून रक्तावर एखादा पिवळा दिवा हवाच. कपड्यांसाठी वेगळ्या बाटलीत चमचाभर भांड्यांचं लिक्विड मिसळा म्हणजे धुताना सुटेल. बाटलीवर ठळक खूण करा, ती तोंडात जाता कामा नये. एकसारखी तीन सुती पातळं ठेवा. फरशी त्याच रात्री गरम पाण्याने पुसा, सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते.

दात फक्त सुळ्यांचे, दोन-तीन मिलिमीटर लांब. गरम पाण्यात, साधारण ६० अंशांना मऊ होणारे प्लास्टिकचे मणी चालतात, पण पूर्ण कडक होण्याआधी तोंडातून काढा, नाहीतर दातांच्या फटीत अडकतात. नखांचा गोंद कधीही वापरू नका. संवाद असतील तर दंतवैद्याकडून माप घेऊन कवळी बनवणाऱ्याकडे करून घ्या. दात लावल्यावर ‘स’ आणि ‘श’ घसरतात, म्हणून तालमीही दात लावूनच व्हाव्यात. नाहीतर दात सोडूनच द्या : नील जॉर्डनच्या ‘बायझँटियम’मध्ये (२०१२) मायलेकींना सुळे नाहीतच, अंगठ्याचं नख वाढतं.

प्रश्न : व्हॅम्पायर लसूण आणि क्रूसाला भितात, आरशात दिसत नाहीत, हे नियम ठेवावेत का? (नाशिक रोड)

उत्तर : लसूण काढा, जिथे रोज फोडणीत लसूण पडतो त्या गल्लीत वाड्यातल्या दोघी एक दिवस टिकणार नाहीत. क्रूसही नको. आरशासाठी कॅमेरा तसूभरही न हलवता नटीसह आणि नटीविना असे दोन शॉट घेऊन जोडावे लागतात, आणि तिचा हात आरशासमोरून गेला की जोड दिसतो. आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा एकच नियम ठेवा. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी बायकाच बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. वाड्यातल्या दोघींच्या फिल्मचा सगळा तिसरा अंक त्या एका बोलावण्यात आहे.

प्रश्न : गोदाघाटावर रात्री शूटिंग करता येईल? (इंदिरानगर)

उत्तर : महापालिका आणि जवळचं पोलीस ठाणे, दोन्हींकडून लेखी परवानगी घ्या, तीही पावसाळा टाळून. रामकुंडावर पहाटेपासून भाविक येतात, म्हणून संवाद घाटावर टिपू नका. तिथून फक्त माणसांविना एक मिनिटाचा पाण्याचा आवाज न्या आणि बोलणं वाड्यात, फ्रीज-पंखे बंद करून, रेकॉर्ड करा.