पीसीआर पॉझिटिव्ह आलाय, मग एमजीचं जनुकीय टायपिंग कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेअर फार्मवर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) रात्री घरघर ऐकू येते, अंडी घटलीत, स्वॅबचा पीसीआर मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या श्वसनरोगाच्या जिवाणूला, म्हणजे एमजीला, पॉझिटिव्ह आलाय. ग्रोअर असताना, म्हणजे अंडी सुरू होण्याआधी, पक्ष्यांना एमजीची जिवंत लस दिली होती. आता डॉक्टर जनुकीय टायपिंग, म्हणजे जनुकांवरून जंतूचा नेमका उपप्रकार (स्ट्रेन) ओळखण्याची तपासणी, करायला सांगतायत, तर हा खर्च वाया जाईल का?

मी पशुवैद्यक आहे, कोंबड्यांच्या रोगनिदानातच काम करतो. तुमच्या बाबतीत टायपिंग जरूर करावं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण ती जिवंत लस.

जिवंत लसीतला जंतू पक्ष्याच्या श्वासनलिकेत महिनोन्‌महिने राहतो, तो राहावा म्हणूनच तर लस देतात. नेहमीचा पीसीआर जंतूची फक्त जात ओळखतो. लसीतला एमजी असो की बाहेरून शिरलेला, अहवालात 'पॉझिटिव्ह' एवढंच येणार. रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या तरी हीच अडचण. म्हणजे तुमच्या हातातला कागद कदाचित लस नीट बसल्याचंच सांगत असेल, आणि घरघर आयबीमुळे (विषाणूचा ब्राँकायटिस), कोरायझामुळे (जिवाणूची सर्दी) किंवा शेडमधल्या अमोनियामुळे असेल. अशा वेळी सीआरडी (एमजीमुळे होणारा जुनाट श्वसनरोग) समजून अँटिबायोटिकवर पैसे जातात आणि मूळ रोग तसाच राहतो.

आता टायपिंगमध्ये काय करतात ते. या जंतूचा जीनोम अगदी लहान, साधारण १० लाख डीएनए-अक्षरांचा. त्यातली बरीच जनुकं सगळ्या एमजीत जवळपास सारखी असतात. पण श्वासनलिकेला चिकटण्यासाठी आणि कोंबडीच्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी लागणारी पृष्ठभागावरची प्रथिनं ज्यांच्यामुळे बनतात, ती जनुकं स्ट्रेनगणिक बदलतात. २००५ मध्ये अमेरिका, इस्राएल आणि ऑस्ट्रेलियातून गोळा केलेल्या ६७ फील्ड स्ट्रेनवर (लसीतले नव्हे, फार्मवर सापडलेले) एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एमजीसी२, पीव्हीपीए, गॅपए आणि एमजीए ०३१९ या चार जनुकांचे तुकडे वाचून स्ट्रेन वेगळे ओळखता येतात हे दाखवलं. त्याआधीच्या आरएपीडी या डीएनए ठशांच्या पद्धतीला जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून घ्यावा लागे. एमजी वाढायला आठवडे घेतो, पुष्कळदा वाढतच नाही. जनुकाचा तुकडा मात्र थेट स्वॅबमधून वाचता येतो. माझ्या दृष्टीने या पद्धतीची खरी देणगी हीच.

लॅब तुमच्या नमुन्यातल्या जनुकांच्या अक्षरांचा क्रम एफ, टीएस-११ आणि ६/८५ या लसींच्या स्ट्रेनशी ताडून पाहील. इथे एक आग्रह धरा: एकट्या एमजीसी२वर निकाल घेऊ नका. काही फील्ड स्ट्रेनचं एमजीसी२ लसीसारखंच असतं. सोबत निदान पीव्हीपीए तरी वाचून घ्या. आणि कोणती लस दिली होती ते बाटलीवरून बघून लॅबला कळवा. एफ स्ट्रेन पक्ष्यापक्ष्यांत पसरतो. तुम्ही टीएस-११ दिली असेल आणि अहवालात एफ आला, तर तो बाहेरून आलेला आहे.

अशा टायपिंगची ताकद बघायची तर अमेरिकेतल्या हाउस फिंचचं उदाहरण घ्या. १९९४ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन डीसीच्या आसपास या छोट्या रानपक्ष्यांचे डोळे सुजलेले दिसू लागले. कारण निघालं एमजी, जो तोवर कोंबड्या आणि टर्कीचा रोग मानला जायचा. पोल्ट्रीतली लस तर रानात गेली नाही ना, हा प्रश्न साहजिक होता. वेगवेगळ्या राज्यांतल्या नमुन्यांचे डीएनए ठसे ताडल्यावर दिसलं की ते आपसात सारखे आहेत आणि लसीच्या स्ट्रेनपेक्षा वेगळे. पुढे १९९४ ते २००७ या काळातल्या नमुन्यांचे पूर्ण जीनोम वाचले, तेव्हा या जंतूत वर्षाला दहाच्या आसपास अक्षरं बदलत असल्याचं कळलं. जिवाणूंच्या मानाने हा वेग फार मोठा आहे.

पिल्लं आली तिथूनच रोग आला, असा तुमचा संशय प्रश्नातून जाणवतो. एमजी अंड्यातून पिल्लात उतरतो, त्यामुळे संशय अवाजवी नाही. पण तुमचा आणि हॅचरीचा क्रम जुळला तरी तेवढ्यावर दोष ठरत नाही, कारण एकच प्रकार एका भागातल्या अनेक फार्मवर फिरत असू शकतो. क्रम जुळला नाही, तर हॅचरीवरचा संशय बराच कमी होतो.

स्वॅब टाळूच्या फटीतून किंवा श्वासनलिकेतून, औषध सुरू करण्याआधी घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून पाठवायचे. स्वॅब गेले की अहवालासाठी उपचार अडवून ठेवू नका. एमजीला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन गटातली औषधं चालत नाहीत. टायलोसिन, टायम्युलिन किंवा डॉक्सीसायक्लिनपैकी काय द्यायचं आणि अंडी किती दिवस विकायची नाहीत, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. औषधाने त्रास उतरतो, पण फील्ड स्ट्रेन असेल तर कळपातून जंतू जात नाही. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकाच आवारात असतील तर तो जुन्या बॅचमधून नव्या बॅचमध्ये जात राहतो. तसा अहवाल आला तर लस कोणती आणि शेड पूर्ण रिकामं कधी करायचं, यावर डॉक्टरांशी बसून बोला.

लॅबकडून नुसता निकालाचा कागद घेऊ नका, क्रमाची मूळ फाइलही मागून घ्या. पुढच्या बॅचला पुन्हा घरघर आली तर तिच्याशी ताडून जुनाच स्ट्रेन टिकलाय की नवा आलाय ते बघता येईल.