‘भांडवलशाह्या’ म्हणावं का?

अर्थशास्त्राचं पुस्तक मराठीत आणणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं आहे: मूळ मजकुरात ‘कॅपिटलिझम’ अनेकवचनी आला आहे, कारण देशोदेशींच्या व्यवस्थांची तुलना आहे. ‘भांडवलशाह्या’ कानाला खटकतं, तर ‘भांडवलशाहीचे प्रकार’ लिहू का? आणि त्यातल्या दोन मुख्य गटांना ‘उदार’ आणि ‘नियंत्रित’ म्हटलं तर चालेल का?

भांडवलशाह्या खुशाल लिही. नदीचं नद्या होतं, तसं शाहीचं शाह्या. कानालाही हे रूप नवं नाही. बहमनी राज्य फुटून निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही झाली, त्यांना आपण शाळेपासून ‘पाच शाह्या’ म्हणत आलो आहोत. ‘लोकशाह्या’ही छापून येतं. भांडवलशाहीचं अनेकवचन करायची वेळ क्वचित आली, म्हणून ते अडखळतं, एवढंच.

‘प्रकार’ मला नको वाटतो. तो वाचला की मूळ वस्तू एक आणि बाकीचे तिचे नमुने असं चित्र उभं राहतं. मग वाचक मनातल्या मनात अमेरिकेला अस्सल धरतो आणि जर्मनी, जपान, स्वीडन यांना भेसळ समजतो. आदिलशाही हा काही निजामशाहीचा प्रकार नव्हता. दोघींचं कूळ एक, पण दरबार वेगळे.

मराठी शब्दाची खरी गंमत त्या ‘शाही’तच आहे. हिंदीत पूंजीवाद, गुजरातीत मूडीवाद. आपल्यासारखी ‘शाही’ कन्नडमध्ये आहे: बंडवाळशाही. वाद म्हणजे मत, विचारसरणी. शाही म्हटलं की सत्ता कुणाची आणि किती, हा प्रश्न आलाच, आणि देशोदेशींचा फरक नेमका तिथेच आहे.

जर्मनी पाहा. तिथे मोठ्या कंपनीत कारभार पाहणारं मंडळ वेगळं आणि त्यावर देखरेख ठेवणारं, त्याची नेमणूक करणारं मंडळ वेगळं. 1976 च्या कायद्याने 2000 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं जादा मत निर्णायक ठरतं आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा असतो, म्हणजे शेवटचा शब्द भांडवलाचाच. तरी कारखाना बंद करायचा विषय निघाला की समोर बसलेल्या कामगारांशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. कोळसा आणि पोलाद उद्योगात तर 1951 पासूनच याहून पक्की बरोबरी आहे. अमेरिकेत कायद्याने अशी जागा नाही. उलट माँटाना राज्य वगळता सर्वसाधारण नियम असा, की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर मालक कारण न देता कामगाराला काढू शकतो. जपानमध्ये युद्धानंतर कंपन्यांनी एकमेकींचे शेअर धरून ठेवले, मुख्य बँक पाठीशी राहिली आणि बाहेरच्या भागधारकाला फारसा आवाज उरला नाही. 1990 नंतर ती घडी बरीच सैलावली. या सगळ्या शाह्याच, पण प्रत्येकीत भांडवलाला ज्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं ती माणसं वेगळी.

आता तुझे दोन शब्द. अमेरिका, ब्रिटन यांच्या गटाला ‘उदार’ म्हणू नकोस. मराठीत उदार म्हटला की कर्ण डोळ्यांपुढे येतो. कारण न देता कामावरून काढता येणाऱ्या व्यवस्थेला तो शब्द लावला तर वाचक गोंधळेल. 1991 पासून ‘उदारीकरण’ रुळलं आहे, ते राहू दे, पण इथे ‘मुक्त बाजाराची भांडवलशाही’ जास्त स्वच्छ आहे.

जर्मनी, जपान यांच्या गटाला ‘नियंत्रित’ म्हणणं तर सरळ चुकीचं आहे. नियंत्रण म्हटलं की सरकार आलं, परवाने आले. या गटात स्वीडनही आहे, आणि स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही! मालकांचे संघ आणि कामगार संघटना आपसांत बसून वेतन ठरवतात. या रीतीचा पाया असलेला साल्टशोबाडेनचा करार 1938 चा. जर्मनीतही देशभर लागू होणारं कायदेशीर किमान वेतन 2015 मध्ये आलं, ताशी साडेआठ युरो. तोवर तिथेही बराचसा भार अशा वाटाघाटींवर होता. सरकारने लगाम धरण्यापेक्षा मालक आणि कामगारांनी आपसांत मेळ घालणं हे इथलं मर्म आहे. म्हणून ‘समन्वित’ बरा. थोडा पुस्तकी आहे, पण पहिल्या वापरात ‘आपसांतल्या समन्वयाने चालणारी’ असं उलगडून लिहिलंस की पुढे नुसतं ‘समन्वित’ पुरेल.

विभक्ती लावताना ‘भांडवलशाह्यांची’, ‘भांडवलशाह्यांत’ अशी रूपं होतील. म्हणजे तुझं पहिलं वाक्य असं करता येईल: ‘मुक्त बाजाराच्या आणि समन्वित भांडवलशाह्यांत कामगाराचं स्थान वेगळं असतं.’