तात्यांवर लिहायला बसलेल्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून मला चैन नाही. तुझ्या फौजी आजोबांच्या, तात्यांच्या, वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची, काकांनी तिचं नाव 'जमालपूरचा वाघ' असं ठरवूनही टाकलं, आणि लिहायचं तेवढं तुझ्या गळ्यात घातलं. तू विचारतेस, "सर, तात्या लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. मग मी लिहू काय? नेटवर जमालपूरची भरपूर माहिती आहे, ती त्यांच्या नावावर घालू का?"

घालू नकोस. जे पाहिलंस ते लिही. जे ऐकलंस ते कुणाच्या तोंडून ऐकलंस हे सांगून लिही. यापलीकडचं एक अक्षरही त्या पुस्तिकेत येता कामा नये.

जमालपूरची लढाई मोठीच होती. डिसेंबर १९७१, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून धाडलेली चिठ्ठी एक माणूस घेऊन गेला, आणि पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री ती पलटण शहर सोडून दक्षिणेकडं निघाली, ती थेट आपल्या पहिल्या मराठाच्या, जंगी पलटणीच्या, मोर्चांवर येऊन आदळली. त्यानंतर पाच दिवसांत ढाका पडलं. पहिल्या मराठाला 'जमालपूर' हा रणसन्मान मिळाला. सगळं खरं. पण त्या रात्री तात्या कुठल्या खंदकात होते, त्यांच्या हातात रायफल होती की वायरलेस, हे तुला माहीत आहे? मी त्यांच्या शेजारी एकवीस वर्षं राहिलो, मलाही माहीत नाही. त्यांच्या पदकांत 'पूर्वी स्टार' आहे म्हणजे ते पूर्व आघाडीवर होते, एवढं तो तारा सांगतो. त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस. त्यांचं डिस्चार्ज बुक काढ, बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून पत्र लिही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ये. जे मिळेल ते लिही. नाही मिळालं तर नाही मिळालं असं लिही. त्यात तात्यांचा कसला कमीपणा आहे?

मी एवढं का तापलोय ते सांगतो. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. घरी कधी बोलले नाहीत. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी, १९८४ साली, आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघाली आणि मला त्यांच्यावर लेख मागितला. मी तरुण मास्तर, भाषेचा जोर अंगात. नाईक यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला एकटे मशीनगनवर चालून गेले, तिथंच पडले, आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मी वाचलेलं होतं. वडील त्या साली इटलीत होते. मला तेवढं पुरलं. मी त्यांना त्या चढणीवर नेऊन उभं केलं, हातात संगीन दिली, तोंडी शिवाजी महाराजांचा जयघोष घातला. लेख वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोनेक वर्षांनी वडिलांचे एक जुने सोबती घरी आले. आईनं मोठ्या हौसेनं तो लेख त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मला अंगणात नेऊन म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं? तो खेचरांवर होता. रात्री डोंगरावर पाणी आणि रेशन चढवायचा." बस्स. रागावले नाहीत, चहा घेऊन गेले.

मुली, आमच्या घरी एक रीत होती. शेतातून आल्यावर बैलांना पाणी दाखवल्याशिवाय वडील स्वतः घोटभर पाणी प्यायचे नाहीत. उन्हातान्हात ओठ सुकलेले असायचे, पण आधी बैल. मी हे लहानपणापासून रोज पाहिलं होतं. लेखात त्याची एक ओळसुद्धा नव्हती, कारण मला तो पराक्रम वाटलाच नव्हता.

तू म्हणशील, मग दुरुस्ती का छापली नाहीत? आईनं तो लेख चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी लावला होता. तिला वाचता येत नव्हतं, आल्यागेल्याकडून ती तो वाचून घ्यायची. तिच्या हातून मी तो काढून घ्यायचा होता का? मला ते जमलं नाही, आणि आजही जमलं नसतं. ती गेली तोवर खेचरांची गोष्ट सांगू शकणारे ते सोबतीही राहिले नव्हते. माझ्या पुतण्यांना आजही आजोबा संगीन घेतलेलेच माहीत आहेत. मी सांगून पाहिलं, त्यांना पटत नाही. छापलेलं आहे ना!

म्हणून पुन्हा सांगतो, पाहिलंस ते लिही. आणि तू काय काय पाहिलंस, हे तुझंच पत्र सांगतंय. तू सहज एका ओळीत लिहून पुढं गेलीस, की काळ्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला, सुतळीनं बांधलेला, आणि "सुरुवातीच्या पावत्यांवर आजीचा अंगठा आहे, नंतरच्यांवर सही." अगं, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. ही ओळ लिहून तू पुढच्याच ओळीत विचारतेस, लिहू काय? तात्या वर्षातून दोन महिने रजेवर यायचे. आजीला पाटी कुणी दिली? तात्यांनीच शिकवलं असेल असं माझं मन म्हणतंय, पण माझ्या मनाला काय विचारतेस, आजीला विचार. त्या पावत्या तारखांप्रमाणं लाव. पहिली सही कुठल्या महिन्यातली आहे ते बघ. डिसेंबर १९७१ ची पावती आहे का तेही बघ. नसेल तर त्या महिन्यात घर कसं चाललं, पोस्टमन दिसला की आजीच्या पोटात काय व्हायचं, हे तिच्याकडून ऐक आणि तिच्याच शब्दांत उतरव. ही लढाई तुझ्या घरातली आहे, तिला साक्षीदार आहे.

आणखी एक. आत्यानं मनाप्रमाणं लग्न केलं तेव्हा तात्या दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत, हे लिहायचं का, असं तू कंसात विचारलंयस. तू तेव्हा घरात होतीस ना? मग लिही. पुढं तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकड्यावर रात्रभर ताठ बसून राहिलेले तात्याही तूच पाहिलेस, तेही लिही. आधी फक्त आत्याला दाखव. ती नको म्हणाली तर काढून टाक, पण त्या जागी खोटा गोडवा भरू नकोस. वाघ म्हटलं की यातलं काहीच मावत नाही, म्हणून ते नाव मला नको आहे.

पानं किती भरतात याची काळजी सोड. आठ भरली तर आठ.

आजीला दुपारनंतर नीट आठवत नाही असं तू लिहिलंयस. तेव्हा येत्या रविवारी सकाळीच जा. ट्रंक तिच्यासमोर उघड, गठ्ठा तिच्या मांडीवर ठेव आणि गप्प बस. फोनवर रेकॉर्डिंग लाव, पण तिला विचारून. घाई करू नकोस, ती मध्येच नळाच्या पाण्याचं बोलेल, बोलू दे.

काकांना मी फोन करतो.

तुझे,
सर