शब्दचर्चा: ‘अदृश्य अपंगत्व’ म्हणावं की दुसरं काही?

नागपूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे, थोडा आटोपून देतो. त्यांच्या भावाची मुलगी 21 वर्षांची, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. रोज शहर बसनं बर्डीला जाते. मागच्या महिन्यात ती राखीव सीटवर बसली होती, तर एका बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘एवढी धडधाकट पोट्टी, अन् अपंगाच्या जागेवर बसून राह्यली पहा.’ पोरगी काही न बोलता उठली, तीन स्टॉप दांड्याला धरून उभी राहिली, मग मधेच उतरली आणि आत्याला फोन केला. आता आत्या तिच्यासाठी एक छोटं कार्ड करते आहे. त्यावर ‘अदृश्य अपंगत्व’ लिहावं, ‘छुपं दिव्यांगत्व’ लिहावं, की मराठीत याला आपला काही शब्द आहे?

घाईत असाल तर एवढंच वाचा: ‘छुपं’ अजिबात नको, ‘अदृश्य’ चालेल पण बसमध्ये नको, आणि माझं ऐकाल तर कार्डावर नामच नको, क्रियापद हवं. आता ते का, ते सांगतो. त्याला वेळ लागेल.

‘छुपा’ हा शब्द मराठीत कुणाच्या सोबतीनं येतो ते पाहा. छुपा कॅमेरा, छुपा खर्च, छुपा अजेंडा, छुपा रुस्तम. सगळीकडे कुणीतरी काहीतरी मुद्दाम लपवलेलं असतं. जिच्यावर लबाडीचा आळ आला तिच्या हातात हा शब्द देणं म्हणजे समोरच्याला आयता पुरावा देणं.

‘अदृश्य’मध्ये वाईट काही नाही. वर्तमानपत्रांत तोच चालतो, लेखाच्या मथळ्यात शोभतोही. पण आपल्या कानावर तो पहिल्यांदा पडला तो गोष्टींतून. जादूची टोपी घातली की राजपुत्र अदृश्य, मंत्र म्हटला की राक्षस अदृश्य. बाराच्या उन्हात, घामाच्या गर्दीत कुणी ‘मला अदृश्य अपंगत्व आहे’ म्हटलं तर निम्मी बस आधी हसेल. शिवाय ते पुरतं खरंही नाही. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात (सिकल म्हणजे विळाच), बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, पोटात जे दुखणं उठतं ते घरातल्यांना चांगलंच दिसतं. पोरगी अंथरुणात मुटकुळं करून पडलेली असते. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, दगदग झाली की ते उठतं. नागपूरचा मे महिना आणि पाण्याची रिकामी बाटली एवढं निमित्त पुरतं. बसमध्ये जे दिसत नाही ते इतकंच, की काल रात्री काय झालं आणि अर्धा तास उभं ठेवलं तर आज काय होईल.

म्हणून या दोन्हींपेक्षा साधं ‘न दिसणारं’ मला बरं वाटतं. त्यात ‘दिसणे’ आहे, आणि हे क्रियापद या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मराठीत ‘दिसणे’ म्हणजे नजरेला पडणे, आणि ‘दिसणे’ म्हणजे भासणेही. ‘तू तर बरी दिसतेस!’ हे वाक्य दवाखान्यात खाटेशेजारी स्टुलावर बसून म्हटलं तर धीर आहे. तेच राखीव सीटशेजारी उभं राहून म्हटलं तर आरोप आहे. शब्द तेच, स्वरही जवळजवळ तोच. आणखी एक गंमत पाहा. दृष्टी नसलेला माणूस म्हणतो, ‘मला दिसत नाही.’ या पोरीला म्हणायचं आहे, ‘माझं दिसत नाही.’ एका विभक्तीचा फरक. पहिल्या वाक्याला बस लगेच उठून जागा देते, दुसऱ्याला सर्टिफिकेट मागते.

आता नामांकडे येतो. जुन्या मराठीत या विषयाचे शब्द भरपूर आहेत: आंधळा, लंगडा, लुळा, थोटा, पांगळा, कुबडा. आज आपण ते माणसाला उद्देशून वापरत नाही, आणि ते बरंच झालं. पण त्या यादीकडे नीट पाहिलं तर हे सगळे शब्द रस्त्याच्या पलीकडून ओळखू येणाऱ्या माणसांसाठी आहेत. भाषेनं आधी जे दिसलं त्याला नाव दिलं. ‘धट्टीकट्टी गरिबी आणि लुळीपांगळी श्रीमंती’ या म्हणीतही दोनच खाती आहेत, धट्टीकट्टी नाही तर लुळीपांगळी. मधल्यांसाठी ‘अधू’ हा एक छान शब्द होता, डोळ्यांनी अधू, पायानं अधू. त्यात कमीजास्तपणा मावतो. तो आता फारसा कानावर येत नाही.

या यादीला अपवाद ‘बहिरा’. संस्कृत बधिर, प्राकृत बहिर, मराठी बहिरा. बहिरेपण लांबून दिसत नाही, आणि म्हणूनच बहुधा आपण त्याच्यावर कधी विश्वास ठेवला नाही. ‘बहिऱ्याचं सोंग घेतो’, ‘कामाचं बरं ऐकू येते याले’ ही वाक्यं घरोघर आहेत. आंधळ्याच्या वाट्याला असला संशय फारसा येत नाही. शासकीय मराठीनं पुढे ‘कर्णबधिर’ केलं. कुणी म्हणेल, बधिर म्हणजेच कानानं गेलेला, मग कर्ण कशाला? पण मराठीत पायही बधिर होतो आणि दाढ काढताना हिरडीही, तेव्हा कर्ण लावणं भाग होतं. ‘मूकबधिर’ या जोडशब्दानं मात्र घोळ घातला. दोन वेगळ्या गोष्टी एका दमात म्हणायची सवय लागली. रेल्वेच्या तिकीट सवलतीतही अट अशी आहे की ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्ण गेलेलं हवं, आणि तेही एकाच व्यक्तीत. ज्याला ऐकू येत नाही पण बोलता येतं, तो तिथे बसत नाही.

हे मी जरा तिखट लिहितो आहे, कारण माझा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. उजवा ठणठणीत, त्यामुळे घराबाहेर कुणाला पत्ता लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत होतो. डावीकडून मागचा एक जण बराच वेळ ‘काका, पुढे सरका’ म्हणत होता म्हणे. मला कळलं ते त्यानं खांद्यावर थाप मारली तेव्हा. ‘बहिरे आहात का हो?’ मी वळून म्हणालो, ‘हो.’ रांग हसली. तो चिडला, ‘वरून शानपत्ती करता!’ पुढे मी कान दाखवला, गालगुंडाची गोष्ट सांगितली, तरी त्याचा चेहरा काही सुटला नाही. तेव्हापासून एक गोष्ट लक्षात राहिली. ‘बहिरा आहेस का बे?’ हा मराठीत प्रश्न नसतो, त्याला उत्तर अपेक्षितच नसतं. शब्द शिवी म्हणून इतका झिजला आहे की खऱ्या बहिऱ्याला तो स्वतःसाठी वापरता येत नाही. कार्डावर नाम नको म्हणतो त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण ‘अपंग’ आणि ‘दिव्यांग’ या जोडीचं. 27 डिसेंबर 2015 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ सुचवला, पुढे तो सरकारी कागदांवर रुळला, आणि महाराष्ट्रात तर खातंच ‘दिव्यांग कल्याण विभाग’ नावानं उभं राहिलं. ज्यांच्याबद्दल हा शब्द आहे त्यांच्यातच काहींना तो मान वाटतो, काहींना गोड बोलून केलेली बोळवण वाटते. त्या वादात मी पडत नाही. मला अडतो तो ‘अंग’. अपंग म्हणा की दिव्यांग, ऐकणारा माणूस अंगाकडे, म्हणजे हातापायांकडे पाहतो. सीटवरचं चित्रही त्याच्याच मदतीला येतं. चाकाच्या खुर्चीचं ते चिन्ह 1968 साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं आणि जगभर गेलं. चित्रात खुर्ची, सीटवर मात्र खुर्चीविना आलेली पोरगी, म्हणजे खोटारडी, असा बसमधला सरळ हिशोब.

कायद्याचा हिशोब तसा नाही, हे ताईंनी पोरीला जरूर सांगावं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात 21 झाले, आणि त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता, मानसिक आजारही आहेत. यांतले बरेचसे राखीव सीटवर ‘धडधाकट’च दिसतील. सवलती-आरक्षणासाठी साधारण 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. तसं तिच्याकडे असेल तर ‘अपंगाची जागा’ तिचीच होती.

‘दिव्य’ या शब्दाबद्दल मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठीत दिव्य म्हणजे नुसतं स्वर्गीय नव्हे. मराठेशाहीत वतनाच्या भांडणात साक्षीपुरावा पुरेना तर वादी दिव्य करायचा. रवादिव्यात तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा हातानं काढायचा. मग त्या हातावर थैली बांधून मोहर करत आणि काही दिवसांनी पंचांसमोर ती सोडत. हात धड निघाला तर माणूस खरा, पोळला तर खोटा. बसमधल्या पंचांनी हा न्याय नेमका उलटा केला आहे. हात धड दिसला की माणूस खोटा. त्या अर्थानं ही पोरगी रोजच्या रोज दिव्यांग आहे, पण हा विनोद कार्डावर मावणार नाही.

‘धडधाकट’चंही तेच. ‘धड’ म्हणजे अखंड, न फाटलेलं. अंगावर धड कपडा नाही म्हणतो तो धड. शिवण उसवली असेल तर ती आतून असते, बाहेरून सदरा धडच दिसतो. (आपल्याकडे हिंदीच्या शेजारानं ‘हट्टाकट्टा’ही चालतो. बाईंनी तो न वापरता शुद्ध मराठी शब्द वापरला, याचं मला उगाच कौतुक वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.)

तर आता क्रियापद. शाळेत ‘शक्य क्रियापद’ शिकलेलं आठवतं का? ‘आजोबांना आता जिना चढवतो.’ मार्कांपुरतं पाठ केलं आणि विसरलो. पण रोजच्या बोलण्यात ते जिवंत आहे: उठवत नाही, गिळवत नाही, बघवत नाही. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘मला उभं राहता येत नाही.’
‘मला उभं राहवत नाही.’

पहिल्यात कायमची असमर्थता आहे. ते ऐकून पायांकडे नजर जाते, आणि पाय शाबूत दिसले की ‘काल तर उभी होती’ हे आलंच. दुसऱ्यात शरीर आत्ता साथ देत नाही एवढंच आहे. काल दिलं असेल, उद्या देईल. सिकलसेल, संधिवात, हृदयाचं दुखणं, किमोनंतरचा थकवा, यांचं दिवसागणिक वरखाली होणारं रूप ‘-वत नाही’मध्ये नेमकं बसतं. शिवाय या क्रियापदात मी करत नाही असं होत नाही, माझ्याकडून होत नाही असं होतं. ‘सोंग’ म्हणायला त्यात फटच राहत नाही. आपल्या नामांना जे दुखणं कधी दिसलं नाही, ते क्रियापदांना आधीपासून ठाऊक होतं.

एक सावधगिरी: ‘मला चालवत नाही’ लिहू नका. बसमध्ये ते ड्रायव्हरचं वाक्य वाटेल. तसंच एसटीच्या भाषेत वाहक म्हणजे कंडक्टर, सिकलसेलच्या भाषेत वाहक म्हणजे आजाराचं एक जनुक घेऊन फिरणारा पण स्वतः आजारी नसलेला. घरात कुणी वाहक असेल तर तो शब्द निदान बसमध्ये उच्चारू नका. लोक सुटे पैसे काढतील.

कार्डावर आजाराचं नाव घालावं का, हे ताईंनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द प्रत्येक बसमध्ये कुणाला तरी कळेल, ही सोय आहे. आणि तोच शब्द लग्नाच्या बोलणीत काय करतो तेही आपल्याला माहीत आहे. 21 वर्षांच्या मुलीनं तो गळ्यात अडकवून फिरावं की नाही, ते तिनंच ठरवावं, आत्यानं नाही. 2016 साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची हिरवी फीत सुरू झाली, तिच्यात हीच सोय आहे. आजाराचं नाव नाही, फक्त ‘जरा सांभाळून घ्या’ एवढाच निरोप. बर्डीच्या बसमध्ये मात्र ती फीत खाद्यतेलाची जाहिरात वाटेल.

मी असं लिहीन. पुढच्या बाजूला: ‘मला जास्त वेळ उभं राहवत नाही. आजार आहे, तो दिसत नाही. कृपया बसू द्या.’ मागच्या बाजूला हिंदीत, कारण आपली बस अर्धी हिंदी बोलते: ‘मुझसे ज़्यादा देर खड़ा नहीं रहा जाता.’ हिंदीलाही हे ‘-वत नाही’ स्वतःचं आहे, पाहा. तोंडी बोलायची वेळ आली तर ‘काकू, उभं नाही राहवत हो’ एवढं पुरे, त्यापुढे काहीही सिद्ध करत बसू नये. आणि अक्षर मोठं ठेवा. बारीक अक्षर हलत्या बसमध्ये आम्हा चष्मेवाल्यांना वाचवत नाही.